‘मुंबईत तोंडाचा कॅन्सर कमी होतोय’ हे खरं का?

तुमचा धाकटा भाऊ 34 वर्षांचा. कॉलेजपासून गुटखा खातो. सोड म्हटलं की तो मोबाइलवर एका अभ्यासाचा सारांश दाखवतो: मुंबईतल्या पुरुषांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचं प्रमाण दर वर्षी 1.7 टक्क्यांनी घटतंय. दुसरीकडे वर्तमानपत्रात येतं, की तरुणांमध्ये हा कॅन्सर वाढलाय. तुम्ही विचारता, यातलं खोटं कोण?

खोटं कोणीच नाही, आणि भावाला तेच सोयीचं झालंय. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. शहराचा आकडा कुठे चाललाय हा एक. आणि त्या आकड्यावरून एका माणसाबद्दल काही म्हणता येतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर लांब आहे, दुसऱ्याचं अगदी छोटं. पण पहिलं नीट कळलं नाही तर भाऊ दुसरं ऐकणार नाही, म्हणून त्याच क्रमाने सांगते.

मी 22 वर्षं कर्करोग नोंदणीच्या कामात काढली. आधी रुग्णालयांच्या रेकॉर्ड रूममध्ये बसून केस पेपर उतरवून घ्यायचे, नंतर आकडेमोडीकडे आले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांबद्दल काही सांगणार नाही. आकडा कसा तयार होतो आणि कुठे फसवतो, एवढं मला माहीत आहे.

भावाने दाखवलेला अभ्यास खरा आहे, चांगलाही आहे. फक्त तो 1986 ते 2000 या 15 वर्षांचा आहे. म्हणजे त्यातलं शेवटचं वर्ष संपलं तेव्हा भाऊ शाळेत होता. शिवाय त्याच सारांशात पुढचंच वाक्य असं आहे, की ही घट 40 च्या पुढच्या पुरुषांमध्ये दिसली. 40 च्या आतल्या पुरुषांमध्ये दर घटला नाही, जागच्या जागी राहिला. भावाने ते वाक्य वाचलं नाही किंवा वाचून गिळलं. मला विचाराल तर त्या अख्ख्या अभ्यासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच. त्याच्याकडे परत येते.

आधी नोंदणी म्हणजे काय ते सांगते, कारण ‘टाटामध्ये जाऊन बघा, रांगा वाढल्यात’ हा युक्तिवाद मी हजार वेळा ऐकलाय. परळच्या टाटा रुग्णालयात अर्ध्या देशातून माणसं येतात. तिथली रांग वाढली यावरून गाड्या वाढल्या, निदान वाढलं, गावाकडे सोय नाही, असं बरंच काही कळेल; मुंबईत कॅन्सर वाढला की नाही हे कळणार नाही. त्यासाठी एका ठरलेल्या हद्दीत राहणाऱ्या लोकांमध्ये एका वर्षात किती नवे रुग्ण झाले ते मोजावं लागतं. इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने 1963 मध्ये मुंबईत अशी नोंदणी सुरू केली. ती देशातली पहिली. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि 1982 पासून मुंबई, बंगळुरू, चेन्नई अशा शहरांची माहिती एकाच पद्धतीने गोळा होऊ लागली.

‘गोळा होऊ लागली’ म्हणायला सोपं आहे. रुग्णालयं आपणहून पाठवतील म्हणून वाट बघत बसलो तर निम्मी माहितीसुद्धा येणार नाही. आमची माणसं सरकारी, पालिकेच्या आणि खासगी रुग्णालयांत जातात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये जातात, पालिकेच्या मृत्यूच्या नोंदी चाळतात. मग जुळवाजुळव सुरू होते. एका ठिकाणी दत्ताराम, वय 52. दुसरीकडे दत्तू, वय 55. आडनाव तेच, गाल उजवाच. माणूस एक की दोन? सुरुवातीच्या काळात मी स्वतः अशी एक जोडी दोन माणसं म्हणून चढवली होती. वरिष्ठांनी पकडली तेव्हा कान लाल झाले, पण नावापेक्षा पत्ता आणि पत्त्यापेक्षा आजाराची जागा आधी बघायची, ही सवय तेव्हाच लागली.

पत्त्याचं प्रकरण तर वेगळंच. कोकणातून, विदर्भातून किंवा उत्तरेतून आलेला रुग्ण नातेवाइकाच्या घरचा पत्ता लिहून देतो. कागदावर तो लालबागचा. म्हणून ‘राहता कुठे?’ एवढं विचारून भागत नाही, ‘इथे किती दिवस राहताय?’ हेही विचारावं लागतं. किमान एक वर्ष हद्दीत राहणाराच शहराचा रुग्ण धरतात. हा एक प्रश्न नीट विचारला नाही, तर मुंबईचा दर उगाच फुगतो.

दर म्हणजे नवे रुग्ण भागिले लोकसंख्या. हे झालं त्या भागाकारातल्या वरच्या आकड्याचं. खालचा आकडा लोकसंख्येचा, आणि तो जनगणनेतून येतो. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती. 2021 ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, त्यामुळे 2011 नंतरचा प्रत्येक दर अंदाजाने काढलेल्या लोकसंख्येवर उभा आहे. अंदाज जास्त धरला तर आजार कमी झाल्यासारखा दिसतो, कमी धरला तर वाढल्यासारखा. त्यातही मुंबई एकसारखी वाढत नाही. 2001 ते 2011 या काळात उपनगरं वाढली, पण कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 33 लाख 38 हजारांवरून 30 लाख 85 हजारांवर आली. चाळीतली खोली विकून माणसं डोंबिवलीला, विरारला गेली. आयुष्यभर परळमध्ये तंबाखू खाऊन विरारला गेलेल्या माणसाला तिथे दोन-तीन वर्षांनी कॅन्सर निघाला, तर तो मुंबईच्या आकड्यात येत नाही. म्हणून एखाद्या वर्षी दर किंचित खाली-वर झाला की त्याची बातमी करणाऱ्यांकडे मी जरा संशयानेच बघते. दहा-पंधरा वर्षांची रेघ बघावी, एका वर्षाचा ठिपका नाही.

आता ‘वाढला’ आणि ‘घटला’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी असू शकतात ते बघू.

पहिलं कारण, रुग्णसंख्या आणि दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक वाढले आणि जास्त जगायला लागले, तर प्रत्येक वयाचा धोका तसाच राहूनही रुग्णांची संख्या वाढते. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला सुमारे 1 लाख 43 हजार नवे रुग्ण होतात. जगातल्या एकूण रुग्णांच्या एक तृतीयांशाहून जास्त. रुग्णालयाला याच संख्येशी देणंघेणं असतं, कारण खाटा दराला लागत नाहीत, माणसांना लागतात. अभ्यासात वापरतात तो वयानुसार प्रमाणित केलेला दर. त्यात असं धरतात, की शहरात तरुण आणि म्हातारे यांचं प्रमाण दर वर्षी एकच असतं तर काय दिसलं असतं. त्यामुळे लोकसंख्या म्हातारी झाल्याचा परिणाम गाळला जातो. वर्तमानपत्राने संख्या छापली आणि भावाने दर वाचला. दोघं वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजतायत.

दुसरं कारण, ‘तोंडाचा कॅन्सर’ हा एक आजार नाही. नोंदणीत जीभ वेगळी असते आणि गाल-हिरड्या-टाळू-जिभेखालची जागा असा ‘तोंड’ हा गट वेगळा असतो. कोणता अभ्यास काय एकत्र करतो ते आधी बघावं लागतं. हे नुसतं वर्गीकरण नाही, त्यामागे सवयीची गोष्ट आहे. 1955 मध्येच डॉ. वि. रा. खानोलकर, एल. डी. संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या रुग्णांवरून दाखवलं होतं, की तंबाखू ओढणं आणि चघळणं यांचे परिणाम तोंडा-घशाच्या वेगवेगळ्या भागांवर होतात. ढोबळ सांगायचं तर विडी घशाकडच्या भागाला, जिभेच्या मुळाला जास्त धरते, आणि गालात धरलेला तंबाखूचा बार गालाला आणि हिरडीला. ज्या बाजूला बार ठेवायची सवय, बऱ्याचदा त्याच बाजूला गाठ. केस पेपर उतरवताना हे इतक्या वेळा दिसायचं, की बाजू वाचायच्या आधी मी मनात अंदाज लावायचे.

म्हणजे शहरात विडी मागे पडली आणि गुटखा पुढे आला, तर एक रेघ खाली जाते आणि दुसरी वर. दोन्हींची बेरीज केली की काही काळ सगळं शांत दिसतं. मुंबईत बऱ्याच अंशी हेच झालं. जीभ आणि घशाचे दर उतरत होते आणि त्या उताराने गालाचं दुखणं झाकून टाकलं. 2000 नंतरच्या नोंदींमध्ये मुंबईच्या पुरुषांमधला गाल-हिरड्यांचा गट वर जाताना दिसतो. भावाच्या मोबाइलवरचा सारांश तिथपर्यंत पोचतच नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रश्न वयाचा नसतो, जन्मसालाचा असतो. गुटख्याच्या छोट्या पुड्या 1980 च्या दशकात बाजारात पसरू लागल्या आणि 1990 च्या दशकात गल्लोगल्ली पोचल्या. त्याआधी तंबाखू म्हणजे चंची, चुन्याची डबी, हातावर मळणं. घरच्या मोठ्यांसमोर ते जमायचं नाही. पुडी मात्र शाळकरी पोराच्या खिशात मावली. वास गोड, थुंकायची फार घाई नाही, आणि ‘तंबाखू थोडीच आहे, मसाला आहे’ अशी स्वतःची समजूत. आता हिशेब करा. 1975 साली जन्मलेल्या मुलाने 16 व्या वर्षी, म्हणजे 1991 मध्ये, सुरुवात केली. तोंडाचा कॅन्सर व्हायला साधारण वीस-पंचवीस वर्षं लागतात, कधी कमी. तो मुलगा आमच्या नोंदवहीत येणार 2010 च्या पुढे. 2000 मध्ये संपणाऱ्या अभ्यासात तो 25 वर्षांचा आहे, धडधाकट आहे, आणि लोकसंख्येच्या बाजूला मोजला जातोय.

म्हणून म्हटलं, की ‘40 च्या आत घट नाही’ हे वाक्य महत्त्वाचं. वडिलांच्या पिढीचा दर उतरत असताना मुलांचा दर उतरायला तयार नव्हता. उतारावर गाडी थांबून राहिली म्हणजे कोणीतरी तिला वर ढकलतंय. तरुणांमध्ये मुळात रुग्ण थोडे, त्यामुळे ही हालचाल आकडेवारीत ठळक दिसायला वेळ लागतो आणि एकूण सरासरीत तर दिसतच नाही. अहमदाबादमध्ये हे लवकर लक्षात आलं. डॉ. प्रकाश गुप्ता यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी तिथल्या नोंदींवरून पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तोंडाचा कॅन्सर वाढत असल्याचं मांडलं होतं.

जरा थांबून जोडते. संख्या वाढलीय, हे नक्की. जुन्या पिढीचा एकूण दर एका काळात घटला, हेही नक्की. ती घट बरीचशी जीभ-घशाची होती. गाल-हिरड्यांची रेघ पुरुषांमध्ये नंतर वर वळली आणि ती वळवण्यात पुडीवर वाढलेल्या पिढीचा मोठा वाटा आहे.

बायकांबद्दल तुम्ही विचारलं नाही. सहसा कोणी विचारत नाही. 1990 च्या दशकात मुंबईच्या जुन्या, कामगारवस्तीच्या भागांत 35 वर्षांपुढच्या लोकांची घरोघरी पाहणी झाली, त्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया तंबाखू वापरत होत्या, जवळजवळ सगळ्या न ओढता. बरीचशी मिश्री. दात घासायची गोष्ट म्हणून ती तंबाखूत धरतच नाहीत. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर बाई ठाम ‘नाही’ म्हणायची. ‘मिश्री लावता का?’ विचारलं की ‘ती काय, सगळेच लावतात’. प्रश्न चुकीचा विचारला की उत्तरही चुकीचंच नोंदवलं जातं.

‘पण गुटख्यावर बंदी आहे ना, मग आता घटेलच’ हेही भाऊ म्हणेल. महाराष्ट्रात जुलै 2012 पासून बंदी आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली तो आदेश निघतो आणि एकेका वर्षासाठी पुन्हा काढला जातो. त्याआधी 2002 मध्येही बंदी आली होती, ती 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. बंदीचा काहीच उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू वापरणारे प्रौढ 2009-10 मध्ये 27.6 टक्के होते, 2016-17 मध्ये 24.4 टक्के. उतार आहे, पण मंद. आणि बंदीनंतर बऱ्याच ठिकाणी दोन पुड्या आल्या, एकीत मसाला, दुसरीत तंबाखू. मिसळायचं काम गिऱ्हाइकाचं. शिवाय वर सांगितलेला वीस वर्षांचा उशीर इथेही आहेच. 2012 ची बंदी शंभर टक्के पाळली गेली असती, तरी त्याचं फळ नोंदवहीत दिसायला 2030 उजाडलं असतं.

आणखी एक पळवाट आधीच बंद करते: ‘मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो.’ सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये तिला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर करते हे सिद्ध झालेल्या गटात टाकलं. सुपारीमुळे तोंडाचं आतलं अस्तर ताठ होत जातं आणि तोंड कमी उघडू लागतं. हा आजार भारतातून पहिल्यांदा नोंदवला तो मुंबईच्याच डॉ. जोशींनी, 1953 मध्ये. केरळात अशा रुग्णांचा 17 वर्षं पाठपुरावा केला तेव्हा त्यातल्या 7.6 टक्क्यांना कॅन्सर झाला होता.

आता तुमचा दुसरा, छोटा प्रश्न. शहराचा दर भावाबद्दल काय सांगतो? जवळजवळ काहीच नाही. त्याच मुंबईच्या अभ्यासात असाही हिशेब आहे, की आयुष्यभरात दर 57 पुरुषांमागे एकाला तोंडाचा कॅन्सर होण्याची शक्यता आहे. ऐकायला बरं वाटतं, 56 जण सुटले. पण त्या 57 मध्ये कधी सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेले आहेत आणि दिवसाला दहा पुड्या खाणारेही. धोका सगळ्यांत सारखा वाटलेला नाही. कधीच न खाणाऱ्यांना बाजूला काढलं की उरलेल्यांच्या वाट्याला येणारा आकडा खूप मोठा होतो. पावसाळ्यात शहरात सरासरी गुडघाभर पाणी आहे म्हणून पाणी तुंबणाऱ्या हिंदमाता चौकात गाडी घालायची नसते.

त्याचा स्वतःचा धोका किती, ते मी सांगू शकत नाही. ते किती वर्षं खातो, दिवसाला किती, रात्री गालात ठेवून झोपतो का, सोबत दारू आहे का, यावर अवलंबून आहे. दारू असेल तर दोन्ही मिळून धोका नुसता बेरजेपेक्षा जास्त वाढतो. सोडल्यावर धोका उतरतो, पण सावकाश, वर्षानुवर्षं. 34 व्या वर्षी सोडणं आणि 44 व्या वर्षी सोडणं यातला फरक म्हणूनच मोठा आहे. ज्या वयात आमच्या नोंदवहीत गर्दी सुरू होते, तिथे तो सोडून दहा-पंधरा वर्षं झालेला माणूस म्हणून पोचेल.

एक गोष्ट मात्र भावाच्या बाजूने आहे. हा कॅन्सर होण्याआधी पुष्कळदा डोळ्यांना दिसतो. आतड्याचा, फुप्फुसाचा दिसत नाही. हा आरशात दिसतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात मोठी चाचणी झाली, त्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसतं उजेडात तोंड बघितलं. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यामुळे 34 टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, रक्ततपासणी नाही. आपल्याकडे तिशीपुढच्यांची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, पाच वर्षांतून एकदा, आणि भावाचं वय त्यात बसतं. पण खाणाऱ्याने पाच वर्षं थांबू नये, असं मी म्हणेन. दंतवैद्याकडे एरवीही जाणं होतंच.

त्याच्याशी आकड्यांवर वाद घालू नका. माझ्या अनुभवात आकड्यांच्या वादात कोणी तंबाखू सोडलेली नाही, आणि हे मी आकड्यांवर पोट भरलेली बाई म्हणून सांगतेय. त्याऐवजी त्याला तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी एकावर एक धरून दातांच्या मध्ये घालायला सांगा. तिन्ही जायला हवीत. दोनच गेली, किंवा पूर्वी खायचा ते जेवण आता तिखट लागून झोंबतं असं तो म्हणाला, तर याच आठवड्यात दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तरी तेच. जखम दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ती बहुतेकदा दुखतच नाही. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितला तर ‘सुई लावली की पसरतो’ म्हणणारे चार जण घरात भेटतील, त्यांना चहा द्या आणि तपासणी करून घ्या.

तिन्ही बोटं गेली, तर सोडण्यासाठी 1800-11-2356 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, कॉल मोफत. फोन त्यालाच करू दे, तुम्ही फक्त नंबर त्याच्या मोबाइलमध्ये घाला, त्या सारांशाच्या शेजारी.